उन्हात बसलेला माणूस

मंडईत तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग दिसायला लागले, की माझा राग जागा होतो. दरवर्षी होतो. आधी शेंगा येतात, मग आंबट चुका, मग कोवळी मेथी, मग हरभऱ्याचे ढाळे. शेवटी कुंभार चुन्याने आणि कावेने रंगवलेली आंबिलीची मडकी रस्त्याच्या कडेला मांडून बसतात. लातूरच्या बायका पिशव्या घेऊन या सगळ्यावर तुटून पडतात. मीही पडते. दात-ओठ खात शेंगा निवडते आणि मनात म्हणते, आली पुन्हा येळवस.

कॅलेंडरात तिचं नाव वेळ अमावस्या असं छापतात. इथं तसं कुणी म्हणत नाही. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला अख्खं लातूर घराला कुलूप लावून रानात जातं. दुकानं बंद, रिक्षा बंद. एरवी पाय ठेवायला जागा नसलेल्या गोलाईच्या बाजारात कुत्री रस्त्याच्या मधोमध पाय ताणून झोपतात. ज्याला शेत आहे तो शेत नसलेल्याला बोलावतो. बाहेरगावचा नवा अधिकारी सकाळी चहाची टपरी शोधत हिंडतो आणि संचारबंदी लागली की काय म्हणून घाबरतो. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, वर शाल पांघरतात, पूजा करतात. मग आंबील शिंपडत, कुणालाच अर्थ न कळणारी कानडी आरोळी ठोकत शेताला फेरी मारतात. फेरीच्या आधी जेवतात. आणि जेवण म्हणजे काय, तर शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, बाजरीची भाकरी, खीर, ताकातली आंबील. दिवस उजाडायच्या आधीपासून घरातल्या बायका उभ्या असतात तेव्हा ते टोपल्यात भरलं जातं. सणाचं कौतुक लिहिणारे लोक टोपलीपासून सुरुवात करतात. टोपली भरली कशी, ते त्यांना माहीत नसतं.

मी नांदेडची. आमच्या माहेरी सण घरात व्हायचे. दाराला तोरण, पाटाभोवती रांगोळी, वर पंखा. लग्न होऊन लातूरला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात कळलं, की या घरात सण म्हणजे घर सोडून जाणं. आणि ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस तर वर्षभर येळवस असल्यासारखा वागतो.

आमचे हे, मन्मथ. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. लातुरात आमचं भांड्यांचं दुकान, आता मी बघते. शेत रेणापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. यांना रान आवडायचं आणि घरची माणसंही आवडायची. माझी अडचण अशी, की दोन्ही त्यांना एकाच वेळी लागायचं. बाकीच्या पुरुषांना रानाची आवड असते तेव्हा ते मित्र गोळा करून जातात, हुरडा खातात, संध्याकाळी येतात. तेवढा दिवस बायकोला घर मोकळं मिळतं. आमच्याकडे तसं नव्हतं. रविवारी सकाळी अंगणात उभं राहून हे ओरडायचे, "चला रे, ऊन आलंय." जणू ऊन म्हणजे पाहुणा आहे आणि त्याला रानात जाऊन भेटलं नाही तर तो रुसेल. मग आई, पोरं, धाकटा भाऊ, त्याची बायको, तिचं तान्हं, सतरंज्या, पाण्याची घागर, तवा, पीठ. निम्मं स्वयंपाकघर जीपच्या टपावर. मी मागं लागायचे, "अहो, तुम्ही एकटे जा ना एखाद दिवशी." तर तोंड असं व्हायचं, की जणू मी त्यांना घराबाहेर काढतेय.

"एकटा जाऊन काय करू? कुणाला दाखवू?"

काय दाखवायचं होतं, ते विचारू नका. हरभऱ्याच्या पानावर पहाटे खारट दव येतं ते. ज्वारीचं कणीस दुधात आलं की बोटानं दाबल्यावर कसं पांढरं दूध येतं ते. टिटवीनं ढेकळात घातलेली अंडी. त्या अंड्यांभोवतीची जमीन त्यांनी न पेरता सोडून दिली होती आणि आख्ख्या घराला एकामागून एक नेऊन ती दाखवली होती. अंडी आहेत, बरं. पाहिली. मला घरी बारा कामं होती.

हिवाळ्यात अंगणात जेवण, उन्हाळ्यात गच्चीवर झोप. सासूबाईंना शेवटी शेवटी दिसेनासं झालं होतं. तरी हे रोज सकाळी दुकानात जायच्या आधी त्यांची खाट अंगणात ओढायचे.

"आई, आज ऊन बेस हाय."

"मेल्या, मला काय दिसतंय?"

"दिसू नको दे. लागतंय की न्हाई अंगाला?"

"लागतंय," म्हणायच्या त्या. आणि मग दिवसभर ऊन सरकेल तशी ती खाट कोण सरकवायचं? मी. आजारी माणसाला उन्हात ठेवण्याची हौस त्यांची, खाट माझ्याकडे.

माझा राग समजावा म्हणून हे सांगतेय. माणूस देवासारखा होता असं मी म्हणणार नाही. ते म्हणायला पुष्कळ लोक आले होते. हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी मांडवात एक जण माईक हातात घेऊन म्हणाला, "अप्पा म्हणजे घर एके घर. घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही." मी पुढच्याच रांगेत बसले होते. म्हणावंसं वाटलं, अहो, उंबऱ्याच्या आत हा माणूस कधी सापडला का तुम्हाला? आमचं सगळ्यांचं आयुष्य त्यानं उंबऱ्याबाहेर काढलं. पण मांडवात बाई बोलली की तिला दुःख झालंय असं समजून पाणी देतात. म्हणून गप्प बसले.

आणखी एक राग आहे, तो यांच्यावरचा नाही. लातुरात आता दर गल्लीत क्लास आहे. पोरं आसपासच्या जिल्ह्यांतून येतात, खोल्यांत कोंबली जातात, डॉक्टर व्हायचं म्हणून सूर्य न बघता दोन वर्षं काढतात. आमची गिरिजा अशाच एका क्लासला होती. येळवशीला क्लासला सुट्टी नव्हती. सगळं लातूर रानात आणि ही पोरगी ट्यूबलाइटखाली. हे तिथं गेले. मीही गेले, कारण जीप दारात उभी आणि टोपल्या भरलेल्या. क्लासचे सर दारातच आले.

"अप्पा, परीक्षा तोंडावर आहे. एका दिवसाचं नुकसान म्हणजे किती मुलं पुढं जातील, कल्पना आहे का?"

"जाऊ द्या की पुढं. त्यांना घाई असंल."

"तुम्हाला मुलीचं भविष्य नको आहे का?"

यांनी आत बघितलं. बाकांवर पोरं रांगेनं बसली होती. खिडक्यांना काळा कागद लावलेला, बाहेर लक्ष जाऊ नये म्हणून. हे एवढंच म्हणाले, "सर, कोंबड्यांच्या शेडला तरी जाळी असती." आणि मोठ्यानं हाक मारली, "गिरिजे, ऊन आलंय गं." आख्खा वर्ग हसला. पोरगी लाजेनं लाल झाली, पण दप्तर उचलून आली. तिच्यामागं आणखी तीन पोरी आल्या, निलंग्याकडच्या, खोली घेऊन राहणाऱ्या. त्यांनाही यांनी जीपमध्ये घातलं. माझ्या डोक्यात एकच विचार, उंडे पुरतील का.

गिरिजा आज नांदेडला दातांची डॉक्टर आहे. एका दिवसानं काही बिघडलं नाही. त्या क्लासच्या खिडक्यांना मात्र अजून काळा कागद आहे. मी बाजारात जाता-येता बघते आणि अजून चिडते.

आता चुलीचं सांगते. खरं भांडण तिथलं आहे.

येळवशीचं जेवण घरून जायचं, पण यांना भाकरी मात्र रानातच, गरम, चुलीवरची लागायची. घरून नेलेली भाकरी म्हणे घराच्या वासाची असते. म्हणून बांधापाशी तीन दगडांची चूल. मी आणि माझी जाऊ सुनंदा, आम्ही दोघी तिथं बसायचो. वरून दुपारचं ऊन. समोरून वारा. पौषाच्या तोंडावरचा तो वारा उघड्या रानात काय असतो, ते चुलीपुढं बसल्याशिवाय कळत नाही. धूर डोळ्यांत, राख पिठात, जाळ तव्याच्या खालून निघून भलतीकडं. तिकडं पुरुष कोपीपुढं मांड्या घालून बसलेले. "काय हवा हाय," म्हणायचे. हवा होतीच. सगळी आमच्या डोळ्यांत.

मी साध्या माणसासारखी साधी गोष्ट मागितली होती. "अहो, चुलीवर दोन पत्रे टाका ना. चार खांब, वर पत्रा. कायमची सोय होईल."

"रानात छप्पर?" मी जणू देवळात चप्पल घालून आले होते. "मग रान कशाला? घरीच बसू की."

"तुम्ही बसा आभाळाखाली. मला सावली पाहिजे."

"बघू."

तो "बघू" पुढच्या येळवशीला गेला, तिथून पुढच्या. पण एक सांगितलं पाहिजे, नाहीतर हिशोब खोटा होईल. पत्रा नाही टाकला, तरी हा माणूस स्वतः उठायचा. अंगावरची शाल काढायचा, दोन्ही हातांनी ताणून धरायचा आणि वाऱ्याच्या बाजूनं आमच्यापुढं उभा राहायचा. शेवटची भाकरी निघेपर्यंत. पाहुणे हाका मारायचे, "अप्पा, या की जेवायला." हे तिथूनच म्हणायचे, "तुमचं चालू द्या. मी भिंत झालोय." सुनंदा हसायची. थोरल्या दिरापुढं मोठ्यानं हसायची चाल नव्हती, म्हणून पदरात हसायची. मी म्हणायचे, "भिंत बोलती का? जरा डावीकडं सरका." हे सरकायचे. वाऱ्यात उभं राहून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी बडबड चालूच, कोणतं वावर कसं उगवलंय, हरभरा कुठं घाट्यावर आलाय.

स्वतः भिंत म्हणून उभं राहायचं, पण दोन पत्रे टाकायचे नाहीत. याला काय म्हणायचं? माझ्या मते याला हट्ट म्हणतात.

तीन हिवाळे झाले त्यांना जाऊन. शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. मोठा दवाखाना, चांगले लोक, तक्रार नाही. पण खोलीची खिडकी उघडायचीच नव्हती. म्हणजे तिला कडीच नव्हती. आख्खी काच, बाहेरचं सगळं दिसायचं आणि आत काही यायचं नाही. हे तिच्याकडं तोंड करून पडायचे. बोलायला श्वास पुरायचा नाही. एकदा विचारलं, "ऊन पडलंय का?"

"पडलंय की. दिसत न्हाई का?"

"दिसतंय," म्हणाले. "लागत न्हाई."

मी सिस्टरना विचारलं, खाली व्हरांड्यात तरी नेता येईल का. त्या म्हणाल्या, नळ्या आहेत, नेता येणार नाही. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्याशी भांडले नाही. नळ्यांशी काय भांडणार? पण त्या काचेवर माझा इतका राग आहे, की अजून मला दुकानाच्या शोकेसची काच पुसताना जोर कमी लावावा लागतो.

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात. मांडी घालून, हातात इष्टलिंग, कपाळाला विभूती, भोवती बेलाची पानं. शेत असेल त्याला शेतात. जागा कुठली, यावर तेव्हाच वाद झाला होता. माझे दीर काशिनाथ म्हणाले, लिंबाखाली घेऊ, सावली राहील. मी म्हणाले, नाही. त्या बांधाच्या कडेला, चुलीपासून थोडं पुढं, जिथं जेवून झालं की हे पाठीला ऊन घेत बसायचे, तिथं. तेव्हा मी नुकतीच विधवा झालेली, म्हणून माझं ऐकलं. ही सवलत फार दिवस टिकत नाही, हे मला माहीत होतं.

काशिनाथ भाऊजींचा धंदा प्लॉटिंगचा. माणूस वाईट नाही. भावावर जीव होता, दवाखान्यात रात्रंदिवस तेच होते. पण त्यांना मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. कंपाउंड घालावं, फरशी टाकावी, गेट बसवावं. यंदा येळवशीच्या आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी एक चित्र टाकलं. अप्पांच्या समाधीवर निळ्या पत्र्याचं छप्पर, खाली चकचकीत काळी फरशी, चारी बाजूंनी स्टीलचा कठडा, मधोमध लोंबणारा दिवा. खाली लिहिलं होतं, "आपल्या अप्पांसाठी. येळवशीच्या आत काम पूर्ण." त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. पुण्याच्या चुलत भावानं तर डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. हा माणूस माती द्यायलासुद्धा आला नव्हता.

मी लिहिलं, "नको."

मग भाऊजी दुकानात आले. गिऱ्हाईक होतं, मी कुकरचं झाकण दाखवत होते. ते स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "वहिनी, नको म्हंजे काय?"

"नको म्हणजे नको."

"भाऊ उन्हात हाय माझा. पावसात भिजलालाय. तीन वर्षं झाली. मला झोप येत न्हाई बगा."

"त्यांना येते."

"तुमी असं बोलालाव..." त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "लोक काय म्हणतेत ठाव हाय का? भावानं एवढे प्लॉट पाडले, इमारती बांधल्या, आन् सख्ख्या भावाच्या डोक्यावर पत्रा न्हाई."

"लोकांना सांगा, डोक्यावर पत्रा नको म्हणणारा माणूस होता तो."

"तवा जित्ता होता, वहिनी."

"म्हणून काय आता आवड बदलली का?"

ते उठले. दारातून म्हणाले, "तुमाला माया न्हाई. कवाच रडलात न्हाई तुमी." आणि गेले.

हे ऐकून मला जे झालं ते दुःख नव्हतं. संताप होता. रडणं म्हणजे माया असं या लोकांनी ठरवून टाकलंय, आणि ज्या बाईनं या माणसाच्या उन्हामागं आयुष्यभर टोपल्या वाहिल्या, तिला माया आहे की नाही ते प्लॉटिंगवाल्यानं सांगायचं. मी गिरिजाला नांदेडला फोन लावला. ती म्हणाली, "आई, काकांशी नीट बोलून बघ ना." नीट बोलून काय होतं? छपराचं सामान तर शेतावर पोचलंसुद्धा होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप घातलं आणि शेतावर गेले. ज्वारी पोटऱ्यात आली होती. तुरीच्या ओळी वाळायला लागलेल्या. लिंबाखाली भाऊजींची गाडी. बांधाला लोखंडी पाइप, निळे पत्रे, वाळूचा ढीग. समाधीच्या चारी कोपऱ्यांना चुन्याची फक्की टाकून खुणा केलेल्या. वेल्डर सलीम पहार घेऊन पहिल्या खुणेवर उभा. भाऊजी शेजारी. सुनंदा थोडी लांब, तुरीच्या शेंगा तोडत होती. ती नवऱ्याबरोबर कुठं गेली की हाताला काम शोधते, म्हणजे बोलावं लागत नाही.

मी जाऊन त्या खुणेवर उभी राहिले.

सलीम म्हणाला, "सलाम, भाभी. जरा सरकते क्या?"

"नाही."

त्यानं भाऊजींकडं बघितलं. भाऊजींनी आभाळाकडं बघितलं.

"वहिनी, माणसांसमोर तमाशा नको."

"तमाशा नाही. एक विचारायचंय. येळवशीला जेवता का तुम्ही इथं?"

"जेवतो की."

"भाकरी गरम लागते?"

"आता हे काय मधीच?"

"लागते की नाही?"

"लागते."

"ती कुठं होते?"

मी चुलीकडं हात केला. तीन काळे दगड, भोवती गेल्या वर्षीची राख, वर रखरखीत ऊन. "तिथं होते. तुमची बायको करते आणि मी करते. तुमचा भाऊ होता तेव्हा शाल धरून उभा राहायचा. तो गेला. गेल्या तीन येळवशींना कुणी उठलं का? तुम्ही उठलात? तुम्ही कोपीपुढं बसून म्हणालात, हवा छान आहे. आणि आता जो माणूस जन्मभर छपराखालून पळाला, त्याच्या डोक्यावर छप्पर, आणि ज्या बायका छप्पर मागून थकल्या त्या उन्हात. हा कुठला न्याय?"

सलीम हसू दाबायला पहारीकडं बघायला लागला.

"आन् मी गावात सांगून बसलोय त्याचं काय?" भाऊजींचा आवाज चढला. "भावाच्या नावानं छप्पर घालालालोय म्हणून. आता चुलीवर घातलं म्हणू? हसतील लोक."

"नाव घाला की. पत्र्यावर मोठ्या अक्षरात घाला. पण तुमचा भाऊ दवाखान्यात मला म्हणाला, ऊन दिसतंय, लागत नाही. तुम्ही तिथंच होता, दारापाशी. ऐकलं होतं ना?"

त्यांनी ऐकलं होतं. चेहऱ्यावरून दिसलं. पण खाली यायला त्यांना पायरी सापडत नव्हती. माणूस एकदा सगळ्यांसमोर चढला की त्याला उतरवायला दुसरं कुणीतरी लागतं.

तुरीच्या ओळीतून सुनंदा आली. ओटीतल्या शेंगा तिनं बांधावर ओतल्या, पदर झटकला. इतक्या वर्षांत नवऱ्यापुढं तिचा आवाज मी क्वचित ऐकला असेल. ती त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती.

"सलीमभाई, खड्डे चुलीपाशी घ्या. वाऱ्याच्या बाजूनं एक पत्रा उभा लावा, खालपतुर."

"अगं..." भाऊजी म्हणाले.

"आता मी काय भिंत व्हायची का?" ती म्हणाली. "का तुमी व्हतालाव?"

सलीमनं पहार खांद्यावर घेतली. "मेरेकू क्या, जहाँ बोले वहाँ ठोक देता. पर चूल पे छप्पर अच्छा रहता, काशिनाथअप्पा. दुवा लगती." आणि तो चुलीकडं चालायला लागला. भाऊजी समाधीपाशीच राहिले. मग त्यांनी फक्कीची खूण चपलेनं पुसली. एक पुसली, मग बाकीच्याही पुसल्या. मी बघितलं नाही असं केलं. दुपारी गाडीत जाताना मला म्हणाले, "फरशी तरी टाकू का, वहिनी? साधी?"

"माती बरी आहे. पाऊस पडला की वास येतो. त्यांना आवडायचा."

"हाव," म्हणत त्यांनी मान हलवली.

काल येळवस झाली. निळा पत्रा उन्हात चमकत होता. त्यावर भाऊजींनी रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, "लिंगैक्य मन्मथअप्पा यांच्या स्मरणार्थ." अक्षरं इतकी मोठी, की सडकेवरून वाचता यावीत. आत चूल, दोन माणसांना ऐसपैस बसता येईल अशी जागा, वाऱ्याच्या बाजूनं उभा पत्रा. सुनंदानं पहिल्यांदाच डोळे न पुसता भाकऱ्या केल्या. जाळ जागच्या जागी राहिला. गिरिजा नांदेडहून आली होती, तिनं आत सतरंजी टाकून पोराला निजवलं. बायका एकेक करून आत आल्या, खांबाला पाठ टेकवून बसल्या, आणि मग त्यांचं हलायचं नाव नाही. आम्ही आधी जेवलो. आधी, आणि गरम. या रानात हे पहिल्यांदा घडलं.

बाहेर पुरुष ताटं घेऊन कोपीपुढं बसले होते. ऊन वर चढलं तसे काशिनाथ भाऊजी डोक्यावर टॉवेल टाकून आले.

"वहिनी, लई ऊन लागालालंय. जरा आत बसू का?"

मी म्हणाले, "अप्पांजवळ बसा. तिथं हवा छान आहे."

बायका खदखदून हसल्या. सुनंदा तर तोंडावर पदर न घेता हसली. भाऊजीही हसले आणि खरंच जाऊन भावाशेजारी बांधावर बसले, पाठीला ऊन घेत.

आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची वेळ झाली, तेव्हा मी मडकं उचललं. फेरी तिथूनच जाते. समाधीपाशी आले. सकाळी बेल वाहिला होता, तो उन्हानं वाळून कुरकुरीत झाला होता. मातीला हात लावून बघितला. चांगली तापली होती.

मी आंबील शिंपडली आणि म्हणाले, "झालं छप्पर. तुमच्या नावाचं आहे, पण तुमच्यासाठी नाही. ते मी फार आधी मागितलं होतं."

मग पुढं निघाले. फेरी अर्धी राहिली होती.